घरचं पाणी

त्या सकाळी सारजाच्या डोक्यावरची घागर डोक्यावरच राहिली. माळाचं काटेरी फाटक सारून ती आत आली, तर पहिलंच रोप बोडकं. शेंडा नाही, पान नाही, नुसती काडी मातीत उभी. दुसरंही तसंच. तिसरं बुडातून मोडलेलं. एकेक ओळ बघत तिची नजर पार टेकापर्यंत गेली आणि तिथून परत खाली आली. डाळिंबाच्या आळ्याआळ्यात मेंढरांच्या लेंड्या पडल्या होत्या, ताज्या, ओल्या, काळ्याभोर.

दीड वर्ष तिनं आणि तिच्या धाकट्या जावेनं, बनानं, ही रोपं घागरींनी जगवली होती. कालवा खालून वाहायचा. त्याचं पाणी खालच्या रानांना मिळायचं, ऊस डोलायचा, पण माळ वरच्या अंगाला, तिथं पाणी आपल्या पायांनी चढत नव्हतं. सरकारनं फळबागेची योजना काढली तेव्हा सारजाच्या नवऱ्यानं, थोरल्या दादासाहेबानं, हाच माळ निवडला. निम्मा माळ त्याच्या नावावर, निम्मा धाकट्या भावाच्या, मल्हारच्या. खड्डे, रोपं, खत आणि तीन वर्षांची निगा, सगळ्याचं अनुदान मिळणार होतं. फक्त दर वर्षी साहेबानं येऊन जगलेली रोपं मोजायची आणि मगच हप्ता सुटायचा. दुसरा हप्ता आता यायचा होता. दादासाहेब त्यातून कालव्यावर इंजिन बसवून माळावर पाइप आणणार होता. सारजाची मान मोकळी होणार होती. आणि बनाला तिचा नवरा मिळणार होता, कारण बाग उभी राहिली की मेंढरं विकून मल्हारनं घरी बसायचं असं ठरलं होतं. दर वर्षी दिवाळी झाली की तो कळप घेऊन कोकणात उतरायचा तो जेठ महिन्यात परत यायचा. एकदा बनाही बरोबर होती, तेव्हा तिचं तान्हं घाटातच तापानं गेलं. त्यानंतर ती कळपामागं गेली नाही आणि मल्हारनंही तिला कधी चल म्हटलं नाही.

काल संध्याकाळीच मल्हार परत आला होता. साहेब परवा येणार होता.

टेकाखालच्या दगडावर सोनबा बसला होता. सासरा. पांढरं मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं, घोंगडं पायाशी पडलेलं. कळप फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता आणि कुत्री त्याच्याभोवती मुकाट बसली होती. सोनबाच्या हातात वाघर होती, मेंढरं कोंडायचं सुताचं जाळं. त्यानं स्वतः तरुणपणी विणलेलं. तीन ठिकाणी उंदरांनी कुरतडून त्याला माणूस जाईल एवढाली भोकं पडली होती.

"आबा," सारजा म्हणाली.

"पिवळी पडली हुती गं रोपं," सोनबा म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता. "दादा पोत्यातलं पांढरं खत टाकतोय, तरी पिवळीच. म्हनलं, एक रात मेंढरं बसवू. मधल्या मोकळ्या पट्ट्यात, वाघरीच्या आत. माझ्या जल्मात वाघर तुटली न्हाय पोरी. ह्या माळावर चाळीस वरसं मेंढरं बसवली म्या. कोकणातनं आली की पैली रात घरच्या रानात, मग दुसरीकडं. रान काळंकुट्ट व्हायचं. म्हनलं, सायेब मोजाय येईल तवा हिरवीगार दिसत्याल. दादाला बरं वाटंल."

"मग?"

"पहाटं डोळा लागला."

सारजानं घागर खाली ठेवली आणि तिथंच मटकन बसली. तिला रडूही येईना. रागवावं तर कुणावर? लोकांची रानं सुपीक करत ज्याचा जन्म गेला त्या म्हाताऱ्याला आपल्या लेकाच्या बागेला काही द्यावंसं वाटलं, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं एवढंच होतं. पोत्यातल्या खताची भाषा त्याला येत नव्हती. सारजाला त्याची अशी कणव आली की रोपांचं दुःख क्षणभर मागं पडलं.

तेवढ्यात मल्हार धावत आला. रात्री सोनबानंच त्याला घरी धाडलं होतं. 'सात महिन्यांनी आलास, बनाजवळ जा, मेंढरं मी ओढ्याकाठी बसवतो,' म्हणाला होता. मल्हारनं फाटकातून एकदाच माळाकडं बघितलं, मग बापाकडं, मग बापाच्या हातातल्या वाघरीकडं. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"वयनी, दादा कवा येणार?"

"इंदापुरास्नं येता येता भवानीनगरला वन्संकडं जाणार हुते. दुपारच्याला येतील त्येस्नी घिऊन."

"मग ऐक. मेंढरं म्या बसवली. आबाची जुनी वाघर दादा वळखंल, ती कुठंतरी टाक."

"आरं खुळा का काय तू?" सोनबा उठला. "चूक माजी हाय."

"आबा, दादानं भंडारा उचललाय," मल्हार म्हणाला. "तुमच्या म्होरं उचललाय."

सोनबा पुन्हा दगडावर बसला.

ती गोष्ट गेल्या दिवाळीची. कळप निघायच्या दिवशी दोन मेंढरं कुंपणातून आत शिरली आणि त्यांनी चार रोपं खाल्ली. दादासाहेबाचा पारा चढला. देवघरासमोर सगळ्यांना उभं करून त्यानं खंडोबाचा भंडारा मुठीत घेतला आणि म्हणाला, "हितनं म्होरं ह्या बागेत जो मेंढरं घालंल, त्यानं ह्या घरचं पाणी प्यायचं न्हाय. भाऊ असू द्या न्हायतर कुणी असू द्या." त्यावेळी सगळ्यांना ते रागाच्या भरातलं बोलणं वाटलं होतं. पण धनगराच्या घरात भंडारा उचलून बोललेलं बोलणं हवेत विरत नाही. आणि दादासाहेब तर शब्दाला असा चिकट की, एकदा चहा सोडतो म्हणाला तो दहा वर्षं प्यायला नाही.

"आता आबाचं नाव निघालं तर दादा काय करंल?" मल्हारनं सारजाला विचारलं. "बापाला भाईर काढंल का भंडारा मोडंल? दोन्हीत त्योच मरंल. मी धाकला हाय. मी कुठंबी जाईन."

"आन् बना?" सारजा म्हणाली.

मल्हार कळप हाकायला गेला.

सारजानं वाघर गोळा केली. सोनबाच्या बोटांतून ती ओढून घ्यावी लागली. घरी येऊन तिनं ती कडब्याच्या गंजीत पार आत खुपसली आणि हात झटकले. आपण बरं करतोय की वाईट, हे तिला त्या वेळीही कळलं नाही, आणि पुढं कळलं तेव्हा उपयोग राहिला नव्हता.

*

दुपारी दादासाहेब आला तो थेट माळावरूनच. त्याची बहीण मनिषा मागोमाग होती. धाकट्या भावाला भेटायला म्हणून तिनं लाडू बांधून आणले होते. ती डब्याची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती.

दादासाहेब ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "कोन?"

"म्या," मल्हार म्हणाला.

"का?"

"पैली रात हाय म्हनून बसवली. कायम बसवतो तशी."

"परवा सायेब येणार हाय, ठावं हुतं तुला?"

"व्हय."

"मल्हार!" मनिषाच मधे पडली. "आरं, तुझाच निम्मा माळ हाय की त्यात! दादानं कुणासाठी हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या? तुझ्या नावचा कागद त्यानंच केला, तुझ्या वाटचं खड्डं त्यानंच घेतलं. तू तकडं कोकणात पावा वाजवत हिंडतूयास, आन् ह्या दोघी हितं घागरी वाहतायत!"

"व्हय आक्का. चुकलं."

"चुकलं म्हनून रोपं उगवत्यात का?"

मल्हार मान खाली घालून उभा राहिला. तो इतका मुकाट उभा होता की मनिषाचाच आवाज उतरला. पाठच्या भावाला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं. चूक नसताना तो भांडतो आणि चूक असताना थट्टेवारी नेतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? असा गप्प तो कधीच नव्हता. तिनं एकदा सोनबाकडं बघितलं. सोनबा दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसला होता आणि एका काडीनं मातीत रेघा ओढत होता.

"दादा," ती आता वेगळ्याच सुरात म्हणाली, "झालं ते झालं. सायबाला सांगू, रोगराई पडली म्हनून. पोराला माफ कर."

"भंडारा उचललाय म्या," दादासाहेब म्हणाला.

तेव्हा आतून बना बाहेर आली. एरवी थोरल्या दिरासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आज पदर खांद्यावर होता.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. "हे रातच्याला..."

"बने, गप," मल्हार म्हणाला.

"का गप? सात म्हयन्यांनी आलेला माझा नवरा..."

"गप म्हनतो न्हवं!"

बनानं सारजाकडं बघितलं. ती नजर सारजा जन्मभर विसरली नाही. आक्का, तू बोल, असं ती नजर म्हणत होती. मी बोलले तर नवऱ्याचा शब्द पडतो, पण तू थोरली आहेस, तू घरातली कर्ती आहेस, तू बोल. सारजाच्या ओठांशी शब्द आले. तिनं सासऱ्याकडं बघितलं. सोनबाच्या हातातली काडी थांबली होती आणि त्याची हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती. सारजानं नजर फिरवली आणि चुलीवर दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. चुलीवर दूध नव्हतं. चूलच विझलेली होती.

बाहेरून दादासाहेबानं एकच विचारलं, "सारजा, मेंढरं कशात कोंडली हुती? वाघर कुठं हाय?"

"मला न्हाय दिसली," सारजा आतून म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

*

साहेब आला, माळ फिरला आणि हळहळला. तरणाताठा, भला माणूस होता. "या पडलेल्या जागी नवी रोपं लावा, नांग्या भरून घ्या," तो म्हणाला. "पावसाळा उलटला की मी परत मोजतो. दोन्ही खात्यांची रोपं उभी दिसली की दोघांचाही हप्ता काढून देतो. पण रोपांचा खर्च तुमचा. सरकार एकदाच देतं."

तो खर्च मल्हारनं उचलला. बारामतीच्या बाजारातले व्यापारी टेम्पो घेऊन वस्तीवर आले. दादासाहेब मुद्दाम खालच्या रानात निघून गेला. मेंढरं टेम्पोत चढेनात. ओढून चढवलं जायची त्यांना सवयच नव्हती. ती आजवर सोनबाच्या हाकेमागं चालत आली होती. शेवटी व्यापारीच म्हणाला, "म्हातारबा, तुमीच बोलवा की जरा."

सोनबा उठला. फळीवर उभं राहून त्यानं त्याची ती जुनी हाक घातली, जिभेनं टाळूवर वाजवत, शेवटी लांबवत नेलेली. एकेक मेंढरू मान खाली घालून त्याच्या अंगावरून आत गेलं. शेवटचं आत गेल्यावर तो खाली उतरला आणि लिंबाला हात टेकून ओकला. सारजा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्यानं तांब्या हातानं बाजूला केला.

मल्हार आणि बना दुसऱ्या दिवशी गेले. लोणी देवकरला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं एकीकडं मल्हारला राखणदारीचं काम मिळालं. बोचकं डोक्यावर घेताना बना सारजाच्या जवळ आली.

"आक्का, मला ठावं हाय कुणी बसवली ती," ती हळूच म्हणाली. "म्हाताऱ्यावर माझा राग न्हाय. माझा राग तुज्यावर हाय. दीड वरीस एका वाटंनं घागरी वाहिल्या आपुन."

सारजानं तिचा हात धरला. बनानं तो सोडवून घेतला. हिसडला नाही, झिडकारला नाही, नुसता सोडवून घेतला. सारजाला तेच जास्त लागलं.

*

पाऊस बरा झाला. नवी रोपं धरली. आता घागरी सारजा एकटी वाहायची आणि जोडीला सोनबा. हो, सोनबा! ज्या बागेत पाय ठेवायला तो बिचकायचा, त्या बागेतच तो आता दिवसभर असायचा. आळी करायचा, तण काढायचा. दोन्ही वेळची भाकरी फडक्यात बांधून घ्यायचा आणि माळावरच खायचा. रोपांसाठी सारजानं तिथं एक पिंप ठेवलं होतं, कालव्याच्या पाण्याचं. तहान लागली की तो त्यातलं गढूळ पाणी ओंजळीनं प्यायचा. "आबा, घरनं तांब्या देते की भरून," सारजा म्हणायची. तो म्हणायचा, "असू दे. हितंच ग्वाड लागतंय." रागात आहे, म्हातारपणाचा हट्ट आहे, म्हणून तिनंही पुढं ताणलं नाही.

एक दिवस तो म्हणाला, "सारजे, वाघर कुठं ठिवलीस?"

ती चपापली. मग तिनं गंजीतून ती काढून दिली. सोनबानं ती उसवली. जी विणायला एक पावसाळा लागला होता ती उसवायला त्याला तेवढेच दिवस लागले असतील, कारण तो एकेक गाठ सोडवायचा, कापायचा नाही. मग प्रत्येक रोपाशेजारी त्यानं एकेक काठी रोवली आणि त्या सुतानं रोप काठीला बांधलं. वाऱ्यानं मोडू नये म्हणून. दादासाहेबाच्या वाट्याचीही आणि मल्हारच्या वाट्याचीही.

कार्तिकात साहेब आला. रोपं मांडीला लागत होती. सगळा माळ फिरून तो खूश झाला. "हे बांधलंय कुणी? फारच छान. आणि गाठ कसली ही? ओढली तरी सरकत नाही."

जेठानंतर दादासाहेब माळावर फारसा फिरकला नव्हता. तो वाकला. त्यानं ती गाठ बघितली. मग पुढच्या रोपाची. मग त्यानं ते सूत बोटांत धरलं. लहानपणी बापाच्या मांडीशी बसून दोघा भावांनी ती गाठ शिकली होती आणि त्याला ती कधीच नीट जमली नव्हती. तो हळूहळू सरळ झाला आणि सारजाकडं वळला.

"त्या दिशी तू म्हनलीस, वाघर दिसली न्हाय."

"व्हय," सारजा म्हणाली. "म्या दडवली हुती."

"रातच्याला मल्हार घरात हुता."

"व्हय."

दादासाहेब बांधावर बसला. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. सारजाला वाटलं होतं तो चिडेल, विचारेल; पण तो म्हणाला, "मला त्याच दिशी वाटलं हुतं. सात म्हयन्यांनी आलेला गडी माळावर कशाला झोपंल? मी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर बापाला भाईर काढावं लागलं असतं."

साहेब अवघडून दूर जाऊन उभा राहिला. दादासाहेब उठला, सारजानं साहेबासाठी आणलेला घरचा तांब्या त्यानं उचलला आणि बापासमोर गेला.

"आबा, घ्या. पाणी घ्या."

सोनबानं तांब्याकडं बघितलं आणि मान हलवली. "जेठापासनं न्हाय घेतलं."

"काय न्हाय घेतलं?"

"घरचं पाणी." म्हातारा अगदी साधेपणानं बोलत होता. "भंडारा तू उचलला हुतास. म्या बोललो न्हाय, भ्यालो. पन देवाला काय सांगू? म्हनून पिंपातलंच पितो."

पाच महिने तो सारजाच्या डोळ्यांदेखत ओंजळीनं गढूळ पाणी पीत होता आणि तिला तो हट्ट वाटला होता! दादासाहेबानं तांब्या आणखी पुढं रेटला, पाणी त्याच्या मनगटावरून सांडलं.

"मी मोडतो भंडारा. आत्ता मोडतो. तुमी प्या."

"पैलं मल्हारला पाज," सोनबा म्हणाला. "मग मी पितो."

*

दादासाहेब त्याच दुपारी लोणी देवकरला निघाला. सारजानं घरच्या रांजणातलं पाणी एका कॅनमध्ये भरून दिलं. त्यावेळी तिनं बघितलं की, त्यानं सदऱ्याच्या खिशात साहेबाचा कागदही घातलाय. मल्हारच्या वाट्याच्या रोपांसाठी त्यावर मल्हारची सही लागत होती.

"कागद आज नेऊ नगा," ती म्हणाली. "आज नुसतं पाणी न्या."

"आगं, सायेब उद्या पुण्याला कागदं धाडणार हाय. आज सही न्हाय झाली तर त्याचा हप्ता फुडल्या सालावर जाईल. त्येच्याच भल्याचं हाय."

"जाऊ द्या फुडल्या सालावर."

"तुला काय कळतंय," तो म्हणाला आणि चालू लागला. वाईट मनानं नाही. भावाचं भलं करायचं म्हटलं की त्याला कागदच आठवायचा, आणि आठ वर्षं त्यानं त्याच रीतीनं घर वर काढलं होतं. सारजा पुढं होऊन आडवी आली नाही. पुन्हा एकदा ती गप्प राहिली.

सोनबा घराच्या दारात येऊन बसला. मुंडासं धुतलेलं होतं, दाढी केली होती. त्यानं सारजाला भाकरी जास्त थापायला लावल्या. "बनाला तिळाची चटणी आवडती," तो म्हणाला. सारजानं चटणी कुटली. मग तिनं मल्हारची खोली झाडली, घोंगडी उन्हात टाकली आणि परत आत घेतली.

दिवेलागणीला दादासाहेब वाटेवर दिसला. एकटाच होता. सारजा पुढं गेली आणि तिनं त्याच्या हातातला कॅन घेतला. हातात घेताच तिला कळलं. जाताना होता तेवढाच तो जड होता.

"सही दिली त्यानं," दादासाहेब म्हणाला. "लगीच दिली. घोंगडं टाकून बसवलं. मग म्या पाणी म्होरं केलं." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "म्हनला, दादा, एका हातानं कागद आन् दुसऱ्या हातानं पाणी आणलंस. कागद तुला लागत हुता, न्यायचा त्यो ने. पाणी राहू दे. बना आतच हुती. भाईर आली न्हाय."

सोनबानं सगळं ऐकलं. आतल्या चुलीवरचा भाकरीचा वास दारापर्यंत येत होता. भिंतीला हात लावत तो उठला, वळचणीला खोचलेली आपली काठी त्यानं काढली आणि पिंपातलं पाणी प्यायला माळाकडं चालू लागला.